मोरसचे तिकीट : मॉरिशसच्या प्रवेशपत्रांचा पूर्वेतिहास आणि मराठी नावे

१. प्रश्नाचे स्वरूप

जानेवारी १९७५ मध्ये नागपूर येथे पहिले विश्व हिंदी संमेलन भरले, तेव्हा मॉरिशसचे पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम हे त्याचे प्रमुख पाहुणे होते. त्यांचे वडील मोहित रामगुलाम १८९६ मध्ये बिहारमधील हरिगाव ह्या खेड्यातून निघून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशस बेटावर उतरले होते. पिता ज्या बेटावर मळ्याचा मजूर म्हणून दाखल झाला, त्याच बेटाच्या स्वतंत्र राष्ट्राचा प्रमुख म्हणून पुत्र पाऊणशेहून अधिक वर्षांनी भारतात आला. ह्या दोन प्रवासांच्या मधल्या काळात राज्यसत्ता बदलली, समाज बदलला. परंतु समुद्र ओलांडणाऱ्या माणसाकडे मागितल्या जाणाऱ्या कागदांचा सांगाडा मात्र फारसा बदलला नाही.

आज भारतीय नागरिकास पर्यटक म्हणून मॉरिशसला जावयाचे असेल, तर आगाऊ व्हिसा घ्यावा लागत नाही. तथापि उतरल्यावर त्याला काही प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात. पारपत्रावरून तो कोण व कोठला हे पाहिले जाते. आरोग्याची माहिती घेतली जाते. मुक्कामाचे ठिकाण विचारले जाते. खर्चापुरता पैसा व परतीचे तिकीट आहे की नाही, हे तपासले जाते. कोण, कोठला, निरोगी आहे काय, राहणार कोठे, आणि परत केव्हा जाणार, असे हे पाच प्रश्न होत. सामान्यतः असे समजले जाते की, ही पद्धती पहिल्या महायुद्धानंतरच्या पारपत्रव्यवस्थेतून निघाली. स्वेच्छेने प्रवास करणाऱ्या माणसापुरते ते बरेचसे खरेही आहे. भारतात पारपत्राचा कायदा १९२० साली झाला, आणि त्याच वर्षी पॅरिस येथे भरलेल्या राष्ट्रसंघाच्या परिषदेत पारपत्राच्या एकसारख्या नमुन्याचा विचार झाला. परंतु हे पाचही प्रश्न त्यापूर्वी पाऊणशे वर्षे भारतीय मजुराला विचारले जात होते, आणि ज्या बंदरात ते पद्धतशीरपणे विचारले गेले त्यांत मॉरिशसचे पोर्ट लुई हे अग्रगण्य होते.

ह्या कागदांचा हेतू प्रवाशाची सोय हा नव्हता, मजुराला मळ्याशी बांधून ठेवणे हा होता. ह्याच कागदांवर आज त्या मजुरांच्या वंशजांचा भारताशी असलेला हक्काचा संबंध अवलंबून आहे. मराठी कुटुंबांच्या बाबतीत तर तो संबंध एखाद्या कारकुनाने कोकणी उच्चार कसा ऐकला व कसा लिहिला, एवढ्या सूक्ष्म गोष्टीवर येऊन ठेपतो. त्याची कारणे प्रस्तुत निबंधात तपासावयाची आहेत.

२. साखर आणि माणूस

जुन्या मराठीत ‘मोरस’ असा एक शब्द आहे. मॉरिशस बेटावरून येणारी पांढरी, स्वच्छ साखर ती मोरस साखर. गुजरातीतही हा शब्द त्याच अर्थाने रूढ झाला. बेटाचे नाव मराठी जिभेने आपल्या वळणावर आणले आणि ते वाण्याच्या दुकानात जाऊन बसले. साखरेला मुंबईत उतरण्यासाठी नावाचा, गावाचा वा जातीचा दाखला द्यावा लागला नाही. ती साखर पिकविण्यासाठी मुंबईहून त्या बेटावर गेलेल्या मराठी माणसाला मात्र हे सर्व दाखले द्यावे लागले.

फ्रेंचांच्या ताब्यातील हे बेट इंग्रजांनी १८१० मध्ये जिंकले. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील ब्रिटनमधील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी करण्यात आली आणि उसाची लागवड झपाट्याने वाढली. ही लागवड गुलामांच्या श्रमावर उभी होती. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. मुक्त झालेल्यांवर लादलेली उमेदवारीची मुदतही १८३९ मध्ये संपली. मळेवाल्यांना नवे हात हवे होते आणि ते त्यांनी भारतात शोधले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईस पोहोचले. तेथून पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय ह्या बेटावर उतरले. त्यांतील बहुसंख्य कलकत्त्याहून, सुमारे एकतृतीयांश मद्रासहून आणि सहा-सात टक्के मुंबईहून गेले. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी व लगतच्या प्रदेशांतील मराठी भाषिकांचा भरणा मोठा होता, आणि हे स्थलांतर मुख्यतः पहिल्या तीन दशकांतले होते. ह्या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

३. निघण्याची परवानगी

प्रवेशाच्या नियमांचा इतिहास मॉरिशसच्या किनाऱ्यावर सुरू होत नाही; तो भारताच्या किनाऱ्यावर सुरू होतो. पहिली तीन वर्षे मजुरांची ने-आण जवळजवळ अनिर्बंध चालली. फसवणुकीच्या व पळवून नेण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा कंपनी सरकारने १८३७ चा पाचवा कायदा केला. मजूर व त्याला नेणारा दलाल ह्या दोघांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर हजर व्हावे, कराराच्या अटी लेखी असाव्यात आणि त्या मजुराला समजावून सांगाव्यात, अशी त्यात व्यवस्था होती. त्याच वर्षीच्या बत्तिसाव्या कायद्याने ही व्यवस्था मद्रास व मुंबई इलाख्यांना लागू झाली. म्हणजे रत्नागिरीच्या शेतमजुराने परदेशी जावे की नाही ह्याविषयी सरकारी अधिकाऱ्याची मोहोर आवश्यक झाली, ती १८३७ पासून.

हा कायदा संरक्षणासाठी होता हे नाकारता येत नाही. परंतु ज्याला वाचता येत नाही अशा माणसाला, जी भाषा त्याची नाही तीत लिहिलेला करार, दुभाष्याच्या तोंडून ‘समजावून’ सांगितला गेला, की कायद्याचे समाधान होत असे. पाच वर्षांची मुदत, महिन्याला पाच रुपयांच्या आसपास पगार आणि तांदूळ, डाळ, तूप, मीठ अशी शिधासामग्री, ह्या अटी ऐकताना त्या प्रवासाचे अंतर व त्या श्रमाचे स्वरूप त्याच्या डोळ्यांसमोर कितपत उभे राहत असेल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही. तक्रारी थांबल्या नाहीत. १८३९ मध्ये हे स्थलांतरच बंद करण्यात आले. पुढे मळेवाल्यांच्या दडपणाने १८४२ च्या पंधराव्या कायद्यान्वये ते मॉरिशसपुरते पुन्हा खुले झाले. परंतु आता प्रत्येक बंदरात मॉरिशस सरकारचा प्रतिनिधी आणि भारत सरकारचा संरक्षक अधिकारी अशी दुहेरी देखरेख आली. प्रत्येक मजुराचे पत्र प्रतिनिधीने द्यावे व संरक्षकाने त्यावर प्रतिस्वाक्षरी करावी, असा क्रम ठरला.

आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे निर्गमनाचे व प्रवेशाचे असे दोन्ही परवाने एकाच कागदावर आले. शासकीय परिभाषेत देश सोडणारा तो उत्प्रवासी व देशात येणारा तो आप्रवासी. माणूस एकच, उपसर्ग तेवढा किनाऱ्याप्रमाणे बदलतो. मुंबईच्या धक्क्यावर तो ‘उत्’ होता, पोर्ट लुईच्या धक्क्यावर ‘आ’ झाला. मधल्या समुद्रावर तो कोणाचा होता, हे मात्र त्याच्या हातातील पत्रानेच ठरत असे.

४. उतरण्याची परवानगी

पोर्ट लुई बंदरातील त्रू फाँफारों येथे १८४९ मध्ये मजुरांसाठी कायमचे ठाणे उभारले गेले. समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या आजही तेथे दाखविल्या जातात. दीर्घकाळ ‘कुली घाट’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या स्थळाचे नाव १९८७ मध्ये ‘आप्रवासी घाट’ असे करण्यात आले, आणि २००६ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. २ नोव्हेंबर हा दिवस मॉरिशसमध्ये करारबद्ध मजुरांच्या आगमनाची स्मृती म्हणून सार्वजनिक सुटीचा असतो.

ठाण्यात येण्यापूर्वीचा अडथळा आरोग्याचा होता. जहाजावर देवी, पटकी वा ताप आढळला, तर प्रवाशांना बेटाच्या उत्तरेकडील लहान बेटांवर विलग ठेवीत. हा उपाय किती निर्दय ठरू शकतो ह्याचे उदाहरण १८५६ मध्ये घडले. कलकत्त्याहून आलेल्या ‘हैदरी’ व ‘फत्ते मुबारक’ ह्या दोन जहाजांवर पटकीची लागण असल्याने त्यांवरील मजुरांना गॅब्रिएल बेटावर उतरविण्यात आले. निवारा, पाणी व औषध ह्यांची पुरेशी तजवीज नव्हती. अडीचशेहून अधिक माणसे तेथे मृत्यू पावली. भारत सरकारने त्यामुळे मॉरिशसकडे जाणारे स्थलांतर काही काळ बंद ठेवले. ‘निरोगी आहे काय?’ ह्या प्रश्नामागे बेटावरील वस्तीचे रक्षण हा न्याय्य हेतू होता. परंतु विचारणाऱ्याने उत्तराची वाट पाहताना समोरच्या माणसाचीही काळजी घ्यावयाची असते, हे कलम त्या नियमांत प्रत्यक्षात उतरले नव्हते.

ठाण्यात प्रवेश मिळाल्यावर मजूर साधारणतः दोन दिवस तेथे राहत. त्या दोन दिवसांत त्यांचे कागदी व्यक्तिमत्त्व तयार होई. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरील खुणा, जिल्हा, परगणा, गाव, जहाजाचे नाव, आगमनाची तारीख आणि ज्या मळ्यावर पाठवावयाचे तो मळा, असे रकाने नोंदवहीत असत. ह्या सर्वांच्या अग्रभागी एक क्रमांक असे. नवरा, बायको व मुले एकाच जहाजाने आली तरी क्रमांक ज्याचा त्याला वेगळा. हा क्रमांक लिहिलेले पत्र म्हणजेच ‘तिकीट’. प्रवास संपल्यावर ज्याचे काम संपते त्यास आपण तिकीट म्हणतो; मॉरिशसच्या मजुराचे तिकीट मात्र प्रवास संपल्यावर सुरू होत असे आणि जन्मभर चालत असे.

राहिला परतीचा प्रश्न. आज परतीचे तिकीट दाखविल्याशिवाय पर्यटकाला प्रवेश मिळत नाही, कारण त्याने राहू नये अशी यजमान राष्ट्राची इच्छा असते. मजुराच्या बाबतीत इच्छा नेमकी उलट होती. आरंभीच्या व्यवस्थेत पाच वर्षांनंतर फुकट परतीच्या प्रवासाचा हक्क होता. १८५० नंतरच्या काही वर्षांतच तो काढून घेण्यात आला. भाडे साठविता आले तर परत जावे, नाहीतर पुन्हा करार करावा, एवढीच वाट उरली. अनेक कुटुंबे बेटावर स्थायिक झाली ती केवळ तेथली माती आवडली म्हणून नव्हे. परतीचे भाडे हेही एक कारण होते.

५. तिकिटाची बेडी

करार संपलेल्या मजुराला ‘जुना आप्रवासी’ म्हणत. कायद्याने तो मोकळा होता. परंतु मोकळा मजूर स्वतःची मजुरी स्वतः ठरवितो, भाजीपाला पिकवितो, फेरीचा धंदा करतो, आणि म्हणून मळेवाल्याला तो नकोसा होतो. १८४७ च्या नियमाने एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचा पगार कापण्याची मुभा मिळाली होती. ती कराराखालील माणसासाठी. कराराबाहेरच्या माणसासाठी निराळे साधन लागणार होते, आणि ते तिकिटात सापडले.

१८६० नंतरच्या दशकात साखरेचा धंदा मंदावला. १८६६ ते १८६८ ह्या काळात हिवतापाच्या भयंकर साथीने हजारो माणसे मरण पावली. साथीचे खापर भारतीय मजुरांवर फोडणारेही निघाले. अशा वातावरणात १८६७ चा मजूरविषयक कायदा झाला. त्यान्वये प्रत्येक जुन्या आप्रवाशाने छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगले पाहिजे, शिवाय आपला जिल्हा व धंदा दाखविणारा पोलिसांचा पास घेतला पाहिजे, असे बंधन आले. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाताना कागद दाखविता आला नाही, तर भटक्या म्हणून अटक होई. तिकीट हरविले तर नव्या प्रतीसाठी जबर फी द्यावी लागे; ती देता येत नसे त्याला पुन्हा करार करणे भाग पडे.

छायाचित्रणाची कला त्या वेळी तरुण होती. युरोपात ती श्रीमंतांच्या बैठकीच्या खोल्या सजवीत होती, त्याच काळात पोर्ट लुई येथे मजुराच्या ओळखपत्रासाठी तिचा वापर सुरू झाला. आज पारपत्रासाठी ज्याप्रमाणे समोर पाहणारा चेहरा लागतो, त्याप्रमाणे हे चेहरेही समोर पाहतात. भारतीय सामान्यजनांची इतक्या मोठ्या संख्येने काढलेली इतकी जुनी छायाचित्रे अन्यत्र क्वचितच असतील. ती प्रेमाने काढलेली नाहीत, हे विसरून चालणार नाही.

ह्या कायद्याविरुद्धचा आवाज मळ्यावरूनच उठला. आदोल्फ द प्लेव्हित्झ हे एका मळ्याचे व्यवस्थापक होते. त्यांच्या पुढाकाराने १८७१ मध्ये जुन्या आप्रवाशांचा एक अर्ज गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन ह्यांना सादर झाला. त्यावर ९,४०१ सह्या व अंगठे होते. पास, तिकीट, अटक व दंड ह्यांविषयीच्या तक्रारी हा त्या अर्जाचा गाभा होता. त्याच्या परिणामी इंग्लंडमधून शाही चौकशी मंडळ आले. विल्यम एडवर्ड फ्रिअर व व्हिक्टर विल्यमसन हे त्याचे सदस्य. पैकी फ्रिअर हे मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेले होते. मंडळाने १८७२ मध्ये काम सुरू केले आणि १८७५ मध्ये विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. पासपद्धतीच्या जाचाची त्यात पुष्टी मिळाली, आणि १८७८ च्या नव्या कायद्याने काही सुधारणा झाल्या.

पारपत्राच्या इतिहासात ह्या अर्जाचे स्थान अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. कागद नसणे हाच गुन्हा कसा ठरतो, आणि कागद देण्याचा अधिकार ज्याच्या हाती तोच माणसाच्या श्रमाची किंमत कशी ठरवितो, हे त्या निरक्षर अर्जदारांनी स्पष्टपणे मांडले होते.

६. नावे, जाती आणि बंदरे

येथपर्यंतचा इतिहास सर्व भारतीय मजुरांना समान आहे. नोंदवहीतील नावांचा प्रश्न मात्र भाषेनुसार बदलतो, आणि मराठी भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे काम तेथून सुरू होते.

कोकणातील मराठी माणूस आपले नाव सांगताना स्वतःचे नाव, बापाचे नाव व गावावरून पडलेले आडनाव सांगतो. नोंदवहीत पहिल्या दोहोंना रकाना होता. आडनावाला स्वतंत्र रकाना नव्हता. परिणाम असा झाला की, मूळ पुरुषाचे व्यक्तिनाव हेच पुढल्या पिढ्यांचे आडनाव बनले. ‘-कर’ हा प्रत्यय गावाकडे बोट दाखविणारा. तो गळाला आणि त्याबरोबर कुळाचा गावाशी असलेला भाषिक दुवाही गळाला. व्यक्तिनावांना लागणारे ‘-जी’, ‘-बा’, ‘-शेट’, ‘-नाक’ हे अंत्यघटक मराठी समाजात दर्जा व जात सुचवीत. उदाहरणार्थ ‘-नाक’ हा अंत्यघटक एकोणिसाव्या शतकात महार समाजातील पुरुषांच्या नावांना लागत असे. तो कारकुनाने लिहिला की वगळला, ह्यावर पुढल्या पिढीला आपल्या पूर्वजाचा समाज कळणे वा न कळणे अवलंबून होते.

उच्चाराचा प्रश्न याहून बिकट आहे. बेटाचा राज्यकारभार इंग्रजीत, पण शहरातील व मळ्यावरील व्यवहार फ्रेंच व क्रिओल ह्या भाषांत. म्हणून एकच नाव तीन कानांतून जाई: मुंबईच्या कचेरीतील इंग्रजी कान, बंदरातील कारकुनाचा फ्रेंच वळणाचा कान आणि मळ्यावरील मुकादमाचा क्रिओल कान. फ्रेंचमध्ये महाप्राण व्यंजने नाहीत; त्यामुळे ‘सखाराम’मधील ‘ख’ अल्पप्राण होणे, ‘हरी’मधील ‘ह’ लुप्त होणे स्वाभाविक होते. मूर्धन्य व दंत्य ह्यांतील भेद इंग्रजी व फ्रेंच ह्या दोन्ही लिप्यांत दाखविता येत नाही. मराठीतील दंततालव्य ‘च’ व ‘ज’, तसेच ‘ळ’ ह्यांना तर तेथे घरच नव्हते. दीर्घ ‘ऊ’ इंग्रज एका रीतीने लिही, फ्रेंच दुसऱ्या. दोन सख्खे भाऊ निरनिराळ्या जहाजांनी आले, तर त्यांच्या वंशजांची आडनावे कागदावर परस्परांना अनोळखी होण्यास एवढे पुरेसे होते.

स्थलनामांत आणखी एक सापळा आहे, आणि नागपूरच्या अभ्यासकाने त्याविषयी विशेष सावध राहिले पाहिजे. कलकत्त्याहून गेलेल्या आरंभीच्या मजुरांना त्या काळच्या कागदपत्रांत ‘धांगर’ म्हटलेले आढळते. हे आपले धनगर नव्हेत. छोटा नागपूरच्या पठारावरून कलकत्त्यास मजुरीसाठी येणाऱ्या उराँव आदी आदिवासींना बंगालमध्ये तो शब्द लावीत. ‘अ‍ॅटलस’वरील ३६ मजूर ह्याच डोंगरी लोकांपैकी होते. म्हणून ‘धांगर’ आणि ‘नागपूर’ हे दोन शब्द जुन्या नोंदींत दिसले, की ती माणसे विदर्भातील होती असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. नावे सारखी दिसली म्हणजे माणसे एक ठरत नाहीत. माणसे एक असून नावे निराळी दिसतात, हा त्याच नाण्याचा दुसरा भाग.

बंदराच्या नावाने तर आणखी एक विलक्षण काम केले. मॉरिशसच्या लोकव्यवहारात कलकत्त्याहून आलेले ते ‘कलकतिया’, मद्रासहून आलेले ते ‘मद्रास’ आणि मराठी भाषिक ते ‘बंबई’ अशा संज्ञा रूढ झाल्या. निघण्याच्या बंदराचे नाव समाजाचे नाव बनले. ज्या कोकणी माणसाने मुंबई केवळ जहाजाची वाट पाहण्यापुरती पाहिली, त्याची नातवंडे मुंबईच्या नावाने ओळखली गेली. पुढे शिक्षण, मंदिरे, मराठी मंडळ्या व शाळांतील मराठीचे वर्ग ह्यांच्या द्वारे ‘मराठी’ ही संज्ञा त्यांनी पुन्हा कमावली. गणेश चतुर्थी हा आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. जनगणनेत पूर्वजांची भाषा म्हणून मराठी नोंदविणारी कुटुंबे आहेत. बोलण्यात क्रिओल आणि आरतीत मराठी, अशी त्यांतील अनेकांची स्थिती आहे. कागदाने जे पुसले ते काही अंशी सणांनी राखले.

७. तिकिटाचे दुसरे आयुष्य

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. मजुरांच्या नोंदवह्या, विवाहनोंदी व छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात ठेवण्यात आली. वंशजाने अर्ज केल्यास पूर्वजाच्या नोंदीचा दाखला तेथून मिळतो. पूर्वी हा दाखला मुख्यतः जिज्ञासेपोटी मागितला जात असे. अलीकडे त्यास निराळे मोल आले आहे.

नागरिकत्व कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’ ही नोंदणी सुरू झाली. नावात नागरिक असले तरी हे नागरिकत्व नव्हे; त्यात मताधिकार नाही. भारतात केव्हाही व कितीही वेळा येण्याची आजीवन मुभा, असे त्याचे व्यावहारिक स्वरूप आहे. सामान्य नियमानुसार ही सोय पणतवंडांपर्यंतच पोहोचते. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांनी मॉरिशसच्या भेटीत विशेष तरतूद जाहीर केली. तिच्यामुळे तेथील सातव्या पिढीतील भारतीय वंशजही ह्या नोंदणीस पात्र झाले.

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने ह्या तरतुदीचे महत्त्व विशेष आहे. मुंबईहून झालेले स्थलांतर बव्हंशी आरंभीच्या दशकांतले असल्याने, चार पिढ्यांच्या मर्यादेत अनेक मराठी घराणी बसतच नव्हती. १८४० वा १८५० च्या सुमारास गेलेल्या पूर्वजापासून आजचा तरुण मोजला तर सहा-सात पिढ्या सहज भरतात. दार उघडले आहे ते नेमके त्यांच्यासाठी. परंतु दारावर पुन्हा तेच पाच प्रश्नांतले पहिले दोन उभे आहेत: कोण, आणि कोठला? येथे आरंभकाळाचा तोटा जाणवतो. १८६० नंतरच्या दशकापूर्वीच्या तिकिटांवर छायाचित्र नाही. चेहरा नसल्यामुळे नावावर भिस्त. आणि नाव तर तीन कानांतून गाळून आलेले.

अशा वेळी आधार मिळतो तो क्रमांकाचा. मजुराचा क्रमांक केवळ तिकिटावर राहिला नाही. मुलांच्या जन्मनोंदीत, विवाहनोंदीत आईबापांच्या नावापुढे तो लिहिला जाई. नावाचे रूप दर पिढीस बदलले, क्रमांक बदलला नाही. ज्या क्रमांकाने माणसाचे नाव झाकले होते, तोच क्रमांक आज त्याचे नाव शोधण्याचे सर्वांत खात्रीचे साधन ठरला आहे.

क्रमांक मॉरिशसच्या किनाऱ्यापर्यंत नेऊन पोहोचवितो. अलीकडच्या किनाऱ्यावर, म्हणजे गावापर्यंत, तो पोहोचवू शकत नाही. ते काम महाराष्ट्रातील संशोधकांचे आहे. त्याचे तीन भाग पाडता येतील. पहिला, मुंबईहून गेलेल्यांच्या नोंदींतील व्यक्तिनामांचा ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनुसार कोश करणे. एका मराठी नावाची इंग्रजी-फ्रेंच वळणाची संभाव्य रूपे एकत्र मांडली, तर दोन कागद एकाच माणसाचे आहेत की नाहीत हे पडताळणे सुकर होईल. दुसरा, स्थलनामांची सूची. १८४५ साली ‘रत्नागिरी’ म्हणून नोंदलेले गाव १९८१ नंतर सिंधुदुर्ग जिल्ह्यात असू शकते; कुलाबा जिल्ह्याचे नाव त्याच वर्षी रायगड झाले; सावंतवाडी हे त्या काळी संस्थान होते. जुन्या परगण्यांची आजच्या तालुक्यांशी जुळणी केल्यावाचून गावाचा शोध लागणार नाही. तिसरा भाग कोकणातील घराघरांत आहे. ‘आमच्यातला एक मोरसला गेला, तो परत आला नाही’ अशा आठवणी, कुळांच्या वंशावळी, देवस्थानांतील मानपानाच्या याद्या ह्यांत गेलेल्यांची रिकामी जागा सापडण्याचा संभव आहे.

विद्यापीठाच्या भाषाविभागाने असे काम हाती घ्यावे की इतिहासविभागाने, हा वाद निरर्थक होय. नावाचा उच्चार ठरविणे हे भाषाशास्त्राचे, कागदाची साक्ष तपासणे हे इतिहासाचे. आणि दोन्ही मिळून जे सिद्ध होईल ते एका कुटुंबाचे.

प्रवेशाचे नियम हे प्रत्येक राष्ट्राला करावेच लागतात. द्वीपराष्ट्राला तर आपले पाणी, आपली जागा व आपले आरोग्य सांभाळण्यासाठी ते अधिक काळजीपूर्वक करावे लागतात, ह्याबद्दल दुमत नाही. मॉरिशसचा इतिहास सांगतो तो एवढेच, की नियमाचे मोल त्यातील प्रश्नांवरून ठरत नाही. १८४९ मध्ये सोळा पायऱ्या चढून आलेल्या माणसाला आणि आज विमानातून उतरणाऱ्या प्रवाशाला विचारलेले प्रश्न जवळजवळ सारखे आहेत. फरक आहे तो उत्तर ऐकणाऱ्याच्या हेतूत, आणि उत्तर नीट लिहून घेण्याच्या त्याच्या तयारीत. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे नाव नीट लिहून घेतले गेले नाही, ते आता नीट वाचणे एवढे तरी आपल्या हाती आहे.